नव्या बासवाल्याला असं सामावून घ्या

तुमचा बँड जोरात आहे, तिसरा अल्बम गाजतोय, आणि अशात तुमचा बास गिटार वाजवणारा गेला. बँड सोडून नव्हे, जगातूनच. आता पुढे काय, असा प्रश्न पडला असेल तर दहा जणांना विचारत बसू नका. मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडने 1986 ते 1988 या काळात त्याचा उत्तम कित्ता घालून दिलेला आहे. तोच गिरवा.

पहिली गोष्ट, शोकात वेळ घालवू नका. 27 सप्टेंबर 1986 ला स्वीडनमध्ये बस उलटून त्यांचा बासवाला क्लिफ बर्टन गेला. 24 वर्षांचा होता. बरोबर सहा आठवड्यांनी, 8 नोव्हेंबरला, मेटॅलिका कॅलिफोर्नियात नव्या माणसासह स्टेजवर होती. मग दुःखाचं काय केलं, असं विचारू नका. दुःख साठवून ठेवायचं असतं. पुढे ते एकाच माणसावर खर्च करायचं आहे.

तो माणूस निवडताना मात्र काळजी घ्या. चाळीसएक जण ऑडिशनला येतील. त्यात लेस क्लेपूलसारखा एखादा भन्नाट वल्लीही येईल. त्याला परत पाठवा, तो ऐकून घेणाऱ्यातला नाही. घ्यायचा तो तुमच्यावर भक्ती असलेला. जेसन न्यूस्टेड असा होता. फीनिक्समधल्या फ्लॉट्सम अँड जेट्सम या बँडचा तो कर्ताधर्ता. गाण्यांचे शब्द लिहायचा, बाकीच्यांना हाकायचा, नुकता त्यांचा पहिला अल्बमही निघाला होता. तरी मेटॅलिकाचं बोलावणं येताच त्यांची सगळी गाणी पाठ करून हजर झाला. स्वतःचं राज्य सोडून तुमच्या दारात उभा राहणारा असा माणूस मिळाला की समजा, निम्मं काम झालं.

आता रॅगिंग. यात हयगय नको. दौऱ्यावर आपली बिलं त्याच्या खोलीच्या नावावर टाका. मध्यरात्री दार ठोठावून त्याचं सामानसुमान बाहेर भिरकावा. जपानला गेलात तर वासाबीचा गोळा काहीतरी गोड म्हणून त्याला खायला घाला. हे सगळं मेटॅलिकाने केलं, आणि पुढे मुलाखतींतून हसत हसत सांगितलंही. 'नव्याला जरा तावून सुलाखून घेत होतो' असं म्हटलं की झालं. कुणी विचारत नाही की तावून सुलाखून निघाल्यावरही तो नवाच कसा राहिला.

यानंतर एक चूक मेटॅलिकाच्या हातून झाली, ती तुम्ही टाळा. 1987 मध्ये त्यांनी दुसऱ्यांच्या गाण्यांची एक छोटी ध्वनिमुद्रिका काढली, आणि तिच्यात बास चांगला दणदणीत ऐकू येतो. त्यामुळे लोकांना वाटून गेलं की या पोराला वाजवता येतं. असे पुरावे मागे ठेवू नयेत.

खरी कसोटी मोठ्या अल्बमची. 'अँड जस्टिस फॉर ऑल' 1988 च्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या वन ऑन वन स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. निर्माता फ्लेमिंग रासमुसेन डेन्मार्कहून बोलावलेला, जुना जाणकार. त्याच्यासोबत तुम्ही ड्रम आणि गिटारवर महिने घालवा, एकेक ठोका, एकेक तार तपासा. बासची पाळी आली की नव्याला एका सहायक तंत्रज्ञासोबत सोडून द्या. कुणी समोर बसायचं नाही, काही सुचवायचं नाही. एकटा पडलेला माणूस सर्वात सुरक्षित रस्ता धरतो. न्यूस्टेडनेही तेच केलं. बँडचा गायक-गिटारवाला जेम्स हेटफील्ड याची ऱ्हिदम गिटार जशी जाते तशीच तिच्या पावलावर पाऊल टाकून वाजवली. तुम्हाला हवं तेच झालं, कारण सावली पुसायला फार कष्ट पडत नाहीत.

इथे थोडं शास्त्र समजून घ्या. उद्या कुणी विचारलं तर कामी येईल. बासची सर्वात जाडी तार साधारण 41 हर्ट्झवर वाजते, गिटारची 82 वर. म्हणजे दोघांची घरं वेगळी, मध्ये एका सप्तकाचा बोळ. आता गिटारचा मधला आवाज खरवडून काढा आणि खालचा इतका फुगवा की ती बोळ ओलांडून बासच्या ओसरीत येऊन बसेल. ड्रमच्या मोठ्या ढोलाचा गाभाही काढून घ्या, नुसती टकटक राहू द्या. मग तक्रार आलीच तर शांतपणे सांगायचं, 'बास आणि गिटार एकमेकांच्या कंपनांवर आदळत होते हो.' हे खोटंही नाही. आदळल्यावर सरकायचं कुणी, एवढंच तुम्ही ठरवलेलं असतं.

शेवटचा हात मिक्सिंगला, म्हणजे कुठलं वाद्य किती मोठं ऐकू यावं ते ठरवण्याला. ते काम रासमुसेनकडे ठेवू नका, त्याने बास ऐकलेला आहे. (तो बास अप्रतिम होता, असं तो आजही सांगतो. अशी माणसं धोक्याची.) न्यूयॉर्क राज्यातल्या बेअर्सव्हिलला नवे दोघे बसवा, स्टीव्ह थॉम्पसन आणि मायकल बार्बिएरो. तुम्ही स्वतः त्या उन्हाळ्यात व्हॅन हेलन, स्कॉर्पियन्स यांच्यासोबत मोठमोठ्या मैदानांवर वाजवत फिरा, आणि मध्ये वेळ मिळेल तसे, कान बसलेले असताना, स्टुडिओत या. कान बसलेल्या माणसाला काय ऐकू येतं? स्वतःचं वाद्य. थॉम्पसनने पुढे सांगितलेली हकीकत अशी: ड्रमर लार्स उलरिक म्हणाला, बास खाली आण, जेमतेम ऐकू येईल इतका. त्याने आणला. मग लार्स म्हणाला, आता आणखी 5 डेसिबल खाली.

या 5 डेसिबलचं मोल ओळखा. आवाजाची शक्ती जवळजवळ एक तृतीयांश उरते. पण मला यातला हिशेब नाही, सभ्यता आवडते. बास थेट बंद करणं असंस्कृतपणाचं झालं असतं. मुखपृष्ठाच्या आत नाव असतं, फोटोत चौथा माणूस असतो, दौऱ्यात चौथा माईक असतो. पंक्तीला बसवायचं, पान मांडायचं, वाढायचं तेवढं नाही.

श्रेयाबाबतही असाच हात आखडता ठेवा. नऊ गाण्यांपैकी फक्त पहिल्या 'ब्लॅकन्ड'मध्ये न्यूस्टेडचं नाव आहे. 'टू लिव्ह इज टू डाय' हे गाणं मात्र बर्टनच्या मागे राहिलेल्या तुकड्यांवर उभं केलं आणि त्याचं नाव अगत्याने लावलं. ते गाणं मला फार आवडतं, आणि ते लावायलाच हवं होतं, यात दुमत नाही. मेलेल्याला मान द्यावाच. जिवंत माणसाला न देता तो देता येतो, हे मात्र इथेच शिकावं. एकूण 14 वर्षांत न्यूस्टेडला स्वतंत्र गाण्यांची तीन श्रेयं मिळाली.

आता तुम्ही म्हणाल, असलं वागून अल्बम बुडणार नाही का? छे. इथेच तर या पद्धतीची गोडी आहे. पासष्ट मिनिटांचा तो अल्बम अमेरिकेत सहाव्या क्रमांकापर्यंत गेला आणि तिथे पुढे त्याच्या ऐंशी लाखांवर प्रती गेल्या. कोरडा, खडखडीत, हाडं उघडी पडलेला आवाज लोकांना इतका भावला की त्याला शैली मानलं गेलं. 'वन' ऐका, बास नसूनही, किंवा नसल्यामुळेच, अंगावर काटा येतो. अन्याय केला की शिक्षा होते, हे शाळेत शिकवतात. त्या शाळेत मेटल शिकवत नाहीत.

पुरस्काराचं थोडं मागेपुढे होतं. 1989 मध्ये ग्रॅमीवाल्यांनी हार्ड रॉक आणि मेटलसाठी पहिल्यांदाच ठेवलेला पुरस्कार मेटॅलिकाला डावलून जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडला दिला. मेटलवाले अजून त्या नावाने बोटं मोडतात. पण त्या बँडमधली बासरी निदान ऐकू तरी येत होती.

कालांतराने काही आगाऊ चाहते बास शोधत फिरतील. 2009 मध्ये मेटॅलिकाच्या गाण्यांचा गिटार वाजवायचा व्हिडिओ गेम आला, त्यातून वाद्यांचे सुटे ध्वनी बाहेर पडले, आणि लोकांनी घरबसल्या बास वर करून या गाण्यांच्या नव्या आवृत्त्या तयार केल्या. तिकडे लक्ष देऊ नका. 2018 मध्ये अल्बमची तीस वर्षं साजरी करणारी जाडजूड पेटी निघाली, आवाज नव्याने पॉलिश झाला, आणि बास होता तिथेच ठेवला. तो त्या काळाचा दस्तऐवज आहे, असं म्हणा. दस्तऐवज म्हटलं की कुणी हात लावत नाही.

आणि हो, एक दिवस तो माणूस निघून जाईल, त्याची तयारी ठेवा. न्यूस्टेड 2001 च्या जानेवारीत गेला. त्याला स्वतःचा एक छोटा बँड बाजूला चालवायचा होता, आणि हेटफील्डला ती बेइमानी वाटली. चौदा वर्षं ऐकू न आलेल्या माणसाने दुसरीकडे जाऊन वाजवावं म्हणजे काय! मग महिना 40,000 डॉलर घेणारा समुपदेशक आणा आणि एकमेकांशी कसं बोलावं ते शिका. त्याचाही माहितीपट काढता येतो. पुढचा बासवाला येईल त्याला आल्या आल्या दहा लाख डॉलर आगाऊ द्या, म्हणजे जुनी खाती मिटली असं वाटतं. रॉबर्ट ट्रुहिलोला तेवढे मिळाले, आणि वासाबी मिळाल्याचं ऐकिवात नाही.

त्याच्या आधी, बासवाला नसताना केलेल्या 'सेंट अँगर'मध्ये निर्मात्या बॉब रॉकने स्वतःच बास वाजवून घेतला. तो नीट ऐकू येतो. कुणाच्या लक्षात मात्र येत नाही, कारण त्या अल्बममध्ये सगळ्यांची तक्रार ड्रमच्या पत्र्यासारख्या खणखणाटाबद्दल असते, आणि ड्रम कोण वाजवतो ते तुम्हाला माहीतच आहे.