शास्त्रज्ञाचा बाप

सरकारी कचेरीत उमेदीची वर्षं घालवली की माणूस एक गोष्ट पक्की शिकतो. आलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, शेरा मारून तो पुढं सरकवायचा असतो. घरी मात्र ही पद्धत चालत नाही. आमची कन्या पाचवीतून सहावीत गेली आणि मधल्या सुट्टीत तिला विज्ञान झालं. ‘आईला विचार’ हा माझा ठरलेला शेरा. ‘पप्पांकडे परत’ हा आईचा. फाईल संध्याकाळपर्यंत माझ्या ताटाशेजारी हजर.

याची लक्षणं खरं तर हिवाळ्यातच दिसली होती. यावलकडे माझ्या सासऱ्यांच्या शेतात भरताची पार्टी होती. पऱ्हाट्यांचा जाळ, हिरवी थोराड वांगी, आणि सासूबाई प्रत्येक वांग्याला सुरीनं टोचे मारून तेलाचा हात फिरवताहेत. “आजी, टोचे कशाला?” “फुटू नये म्हणून, बेटा.” एवढ्यावर कुठल्याही शहाण्या मुलीचं समाधान झालं असतं. हिनं एक न टोचलेलं वांगं गुपचूप जाळात सरकवलं. तुलनेसाठी. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते, आणि वांग्याची साल तेवढी जागा देऊ शकत नाही, हे आम्हाला आवाजासकट कळलं. सगळ्यांनी भरीत खाल्लं, चुलतसासऱ्यांनी अंगावर घेतलं. नवं कोरं धोतर होतं. “जावईबापूंच्या घरी शिकवण कडक दिसते,” एवढंच ते म्हणाले.

मे महिन्यात जळगावात माणसाच्या डोक्यात एकच प्रश्न मावतो : लाईट कधी येईल? हिला दुसराच पडला. “पप्पा, कूलर आत्ता गार हवा देतो आणि जुलैत नुसता चिकचिकाट करतो. टाकी तीच, पाणी तेच, मोटार तीच. मग असं का?” मी म्हणालो, “वाळा बदलायला झालाय.” हे उत्तर आमच्या घराण्यात तीन पिढ्या पुरलं आहे. पण हिनं भिंतीवरच्या तापमापकाला ओलं फडकं गुंडाळून त्याला पंख्यासमोर धरलं, आणि चाळिशीच्या वर गेलेला पारा बघता बघता पंचविशीकडे उतरला. वाफ व्हायला उष्णता लागते, ती पाणी आजूबाजूच्या हवेतूनच ओढून घेतं. मेमध्ये आपली हवा इतकी कोरडी असते की पाणी भराभर उडतं आणि गारवा मिळतो. पावसाळ्यात हवाच आधी भिजलेली, ती आणखी पाणी घेईना. माठ घाम गाळतो म्हणून पाणी थंड, तोही याच खात्यातला.

तापमापकावर सिद्ध झालेली गोष्ट पुढं माणसावर सिद्ध करावी लागते, आणि घरात रविवारी रिकामा असा माणूस एकच. ओलं बनियन घालून मला पंख्यासमोर बसवलं. विज्ञानाशी बेइमानी करणार नाही, त्या मेमधला माझा सगळ्यात सुखाचा वेळ तो. मग लाईट गेली.

हळदीचं थोडक्यात सांगतो. भाजीच्या पिवळ्या डागावर साबण लावला की तो लालभडक होतो, वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. तो डाग माझ्या कचेरीच्या शर्टावर मुद्दाम पाडण्यात आला होता.

सुट्टीत आजोळी गेलो तेव्हा वाटलं, शेतात पोरगी जरा निवेल. माझे सासरे, म्हणजे तिचे आबा, हाडाचे केळीवाले. केळीबद्दल वाकडा शब्द ऐकून घेणार नाहीत. जेवताना ही शांतपणे म्हणाली, “आबा, तुमची केळी किरणोत्सारी आहेत.” पंगत थांबली. सासऱ्यांनी तिच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. तिनं खुलासा केला : केळ्यात पोटॅशियम असतं, त्यातला अगदी थोडा भाग किरणोत्सारी, एका केळ्यातले साधारण १५ अणू दर सेकंदाला फुटतात. अपाय काही नाही, जादाचं पोटॅशियम शरीर बाहेर टाकतं. “आणि आबा, तुमच्या स्वतःच्या अंगात सेकंदाला चार हजारांच्या वर फुटतात.” आबा भाकरी मोडता मोडता थांबले, गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, “तरीच. सकाळी उठताना आवाज येतो.” मी सुटलो.

घरी परतलो तर कॅलेंडरवर २५ मेला लाल गोल. “शून्य सावलीचा दिवस, पप्पा. सूर्य बरोब्बर डोक्यावर येणार, उभ्या वस्तूची सावलीच पडणार नाही.” कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या गावांनाच वर्षातून दोनदा हा मान मिळतो. जळगाव २१ अक्षांशावर, म्हणून आपला मुहूर्त मेअखेरीस. दिल्ली कर्कवृत्ताच्या पलीकडे, तिला तो कधीच नाही. दिल्लीला न मिळालेली गोष्ट जळगावला मिळते म्हटल्यावर माझाही ऊर भरून आला. म्हटलं, बाराच्या ठोक्याला गच्चीवर पाच मिनिटं जाऊन येऊ.

“बाराला नाही. आपली घड्याळं मिर्झापूरच्या रेखांशावर लावलेली आहेत. आपण तिथून सात अंश पश्चिमेला, अंशाला चार मिनिटं. म्हणजे साडेबाराच्या जरा आधी. आणि तयारीला आपण बारापासूनच उभे राहू.”

पारा ४४. स्लॅबवर चपलेचा तळ मऊ पडत होता. स्टीलचा पेला, लाटणं, पाइपाचा तुकडा आणि मी, असे चौघे ओळीनं उभे. शेजारच्या गच्चीवर पापड राखायला आलेले काका ओरडले, “काय भो, काय करून राहिला उन्हात?” म्हटलं, “सावली जायची वाट बघतोय.” ते तडक खाली गेले आणि काकूंना घेऊन आले.

आणि गेली हो! पेल्याची सावली आखडत आखडत बुडाखाली शिरली, लाटण्याची गेली, पाइपाची तर अशी गेली की त्याच्या पोकळीतून गच्चीवर उन्हाचा गोल पडला. काकू हात जोडून उभ्या राहिल्या. कन्या वही घेऊन माझ्यापाशी आली, वाकली, पुन्हा वाकली. माझ्या पायांभोवती सावलीचा चांगला ऐसपैस गोल होता, आणि तो पुढच्या बाजूला जास्त होता. तिनं लिहिलं : ‘पेला, लाटणं, पाइप : सावली नाही. पप्पा : सावली आहे. कारण : पोट.’

“वस्तू सरळ उभी हवी, मध्येच फुगलेली चालत नाही,” तिनं काकांना समजावलं. काकांनी गुपचूप श्वास आत ओढून घेतला.

सूर्य परतीच्या वाटेवर जुलैच्या मध्यानंतर पुन्हा डोक्यावर येतो. तेव्हा ढग असतील, हा माझा आधार. सासरे शेतीसाठी पाऊस मागतात, मी यासाठी. पण कन्येनं त्याही तारखेवर लाल गोल केला आहे, आणि तोपर्यंत एक वस्तू सरळ करून घ्यायची म्हणून बायको माझ्या ताटात एक भाकरी कमी वाढते. तक्रार केली तर म्हणते, “मुलीला विचारा.”