रुमाल फोडू नका, कागद लॅमिनेट करू नका

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला चार ठिकाणांहून आला. भावकीच्या ग्रुपवर, गडकोट फिरणाऱ्या मुलांच्या ग्रुपवर, शाळेच्या जुन्या बॅचमधून आणि शेवटी माझ्या मोडीच्या वर्गातल्या एका ताईंकडून. ताईंनी खाली विचारलं होतं, "सर, हे खरं का?" मजकूर थोडक्यात असा: "घरात जुने मोडी कागद असतील तर विद्यापीठाला किंवा सरकारी दप्तराला देऊ नका, तिथं खरा इतिहास दाबून ठेवतात. शिक्क्याचे कागद निवडून लॅमिनेट करा, पिढ्यान्‌पिढ्या टिकतील. बाकी हिशेब-चिठ्ठ्या रद्दी आहेत. सगळ्याचे फोटो काढून ठेवा, मोडी आता ॲप वाचतं."

पुढे पाठवणाऱ्यांची कागदांवर माया आहे, यात मला शंका नाही. पण हा सल्ला मानला तर ज्यांच्यावर माया आहे तेच कागद आधी जातील. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी लॅमिनेशन, कारण ते एकदा केलं की मागं फिरता येत नाही. झेरॉक्सच्या दुकानातलं यंत्र शंभर अंशांच्या वर तापतं. प्लास्टिकच्या आतला गोंद वितळतो आणि कागदाच्या धाग्यांत शिरतो. तो पुन्हा निघत नाही, ओढला तर शाईसकट पापुद्रा सुटतो. कागदात थोडी जरी ओल असली तरी ती आत कोंडते, आणि कोल्हापूरच्या आषाढात कोरडा कागद कुणाच्या घरात असतो? शंभर वर्षांच्या आतल्या छापील कागदाचं दुखणं आणखी वेगळं. तो लाकडाच्या लगद्याचा, तुरटी घालून केलेला असतो, म्हणजे आम्ल त्याच्या पोटातच असतं. प्लास्टिकमध्ये बंद केल्यानं ते थांबत नाही. कागद आतल्या आत पिवळा पडून कुडकुडीत होतो.

उलट आपला जुना हातकागद चिवट आहे. चिंध्या आणि तागाच्या लगद्याचा तो कागद आणि काजळीची शाई, म्हणून १७५० सालचं पत्र १९४० च्या वर्तमानपत्रापेक्षा धडधाकट दिसतं. सुती रुमालात (कागदांचा गठ्ठा बांधायचं फडकं; बांधलेल्या गठ्ठ्यालाही रुमालच म्हणतात), फळीवर, वारा लागेल अशा जागी ठेवलेला असा कागद अडीचशे वर्षं राहिलेला मी स्वतः हाताळला आहे.

यावर एक प्रश्न हमखास येतो: अभिलेखागारातही लॅमिनेशन करत होते ना? करत होते. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सेल्युलोज ॲसिटेटचा पातळ पापुद्रा ॲसिटोननं कागदावर बसवण्याची पद्धत होती. पण तिथं उष्णता नव्हती, आणि लागलीच वेळ तर तो पापुद्रा ॲसिटोननंच सोडवता येत असे. आता तीही पद्धत मागं पडली आहे, फाटक्या कागदाला पातळ जपानी कागद आणि खळ लावतात. चौकातल्या यंत्राचा या कशाशी संबंध नाही.

आता "शिक्क्याचे तेवढे निवडा, बाकी रद्दी". या वाक्यानं मला खरा त्रास दिला, कारण ते मी आमच्याच घरात ऐकलं होतं. माळ्यावरची पेटी खाली काढली तेव्हा थोरले चुलते म्हणाले, "शिक्का असंल तेवढं ठेव, बाकीचं बंबात घाल." पेटीत तांबडा रुमाल होता, आत आजीनं ठेवलेली वेखंडाची पुरचुंडी. वर एक शिक्क्याचा इनामाचा कागद, त्याखाली बोटभर रुंदीच्या, घड्या घातलेल्या चाळीसेक चिठ्ठ्या.

एका चिठ्ठीवर नुसती मिती, म्हणजे महिना आणि तिथी होती, मार्गशीर्ष शुद्ध ५. साल नाही. लिहिणाऱ्याला कुठलं साल चाललंय ते ठाऊक होतं, त्यानं कशाला लिहावं? तिच्या लगेच वरच्या कागदावर मात्र सुहूर सन होता, म्हणजे अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहायचं जुनं साल: तिस्सा सबैन मया व अलफ. नऊ, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे ११७९. मृग नक्षत्रापासून सुरू होणाऱ्या या सनात ५९९ मिळवले की इसवी १७७८ येतं. दोन्ही कागदांचं अक्षर एकाच हातचं, भांडणही त्याच एका बांधाचं. तेव्हा ती चिठ्ठी १७७८ च्या हिवाळ्यातली. हे कळलं ते केवळ दोन कागद एकाखाली एक होते म्हणून. मी ते "महत्त्वाचे" आणि "किरकोळ" असे दोन ढीग केले असते, तर ती चिठ्ठी कायमची बिनसालाची झाली असती.

तीत एका बाईची साक्ष होती. खाली सहीच्या जागी बांगडी काढलेली. जुन्या कागदांत कुणबी नांगर काढतो, न्हावी आरसा काढतो, बाई बांगडी काढते. ते छोटंसं, थोडं वाकडं वर्तुळ मी चुलत्यांना दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे आपल्या घरातल्या बाईनं उभं राहून सांगितलंय." शिक्क्याच्या कागदात तिचा पत्ताच नव्हता. तिथं फक्त जमीन होती आणि ती ज्याला मिळाली तो पुरुष होता.

अशा घरगुती कागदांचं मोल बघा. मिरजेत शाळेत संस्कृत शिकवणारे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन घराण्याच्या दप्तरातली पत्रं एकामागून एक प्रसिद्ध केली. त्यात मोहिमांच्या बातम्यांबरोबर दुखणी, कर्जं, लग्नकार्यं सगळं आलं. पानिपतानंतरच्या मराठ्यांच्या राजकारणावर लिहिणारा कुणीही ती पत्रं टाळून पुढं जाऊ शकत नाही. ते दप्तर एका घराण्याचं होतं आणि ते घराण्यानं सांभाळलं होतं.

"फोटो काढला की झालं" हा मुद्दा अर्धा बरोबर आहे. फोटो काढाच, आजच काढा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेनं ५५ फूट ओलांडले, धोक्याची पातळी ४३ आहे. त्या आठवड्यात शुक्रवार पेठेत, दुधाळीत किती पेट्या पाण्याखाली गेल्या असतील याचा विचार करवत नाही. पण फोटो एका बाजूचा असतो. लांब कागद दोन-तीन तुकडे खळीनं चिकटवून करत, आणि सांध्यावर मागच्या बाजूनं शिक्का मारत. हेतू हा की मधला तुकडा कुणी बदलू नये. समोरून काढलेल्या फोटोत तो शिक्काच येत नाही. इंग्रजी अमदानीतला विलायती कागद उजेडासमोर धरला तर त्यात कारखान्याचं नाव आणि पुष्कळदा सालही दिसतं. वरची तारीख १७९० ची आणि कागदाच्या पोटात १८२२ असेल, तर तो कागद मागाहून केलेली नक्कल आहे किंवा बनावट आहे. जमिनीच्या दाव्यात याच एका गोष्टीवर निकाल फिरू शकतो. त्यासाठी मूळ कागद हातात लागतो.

ॲपबद्दल थोडंच सांगतो. मोडी यंत्राला वाचता यावी म्हणून खटपट करणाऱ्यांचं मला कौतुक आहे, माझ्या वर्गातली मुलंही ती साधनं वापरतात. तरी मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नसतं. सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा, दोन्ही एकसारखेच लिहिले जातात. शब्द तोडलेले नसतात. "ताा" असा संक्षेप कुठं तर्फ (गावांचा जुना गट) असतो, कुठं तालुका. हे ठरवायला गाव, माणसं आणि शेजारचा कागद माहीत असावा लागतो. यंत्रानं दिलेलं वाचन घेऊन कोर्टात किंवा भावकीच्या बैठकीत जाऊ नका. आधी जाणत्या माणसाकडून ताडून घ्या.

राहिला "दाबून ठेवतात" हा आरोप. इथं त्या मजकुरानं दोन वेगळ्या जागा एक केल्या आहेत. करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थान १९४९ साली विलीन झालं. संस्थानचं दप्तर आज राज्य शासनाच्या पुराभिलेख खात्याच्या कोल्हापूर शाखेत आहे. शिवाजी विद्यापीठाचा हस्तलिखितांचा आणि कागदपत्रांचा संग्रह वेगळा, सागरमाळावरचा. विद्यापीठ १९६२ साली सुरू झालं आणि त्याचे पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार स्वतः इतिहास संशोधक होते. ताराबाईंच्या काळातली कागदपत्रं त्यांनीच संपादून विद्यापीठातर्फे छापली. राजर्षी शाहूंच्या कागदपत्रांचे खंडही त्याच विद्यापीठानं काढले. शाहूंच्या २६ जुलै १९०२ च्या हुकमात नोकऱ्यांतल्या पन्नास टक्के जागा मागास वर्गांसाठी राखल्या, त्यातून ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळले, हे आपण शब्दशः सांगू शकतो, कारण हुकमाचा मजकूर जपला गेला आणि छापला गेला. दडवायचंच असतं तर ते छापलं कशाला असतं?

काही खाजगी कागद ठरावीक काळ उघडत नाहीत, हे खरं आहे. एखाद्याच्या पत्रव्यवहारात हयात माणसांची आजारपणं, घरातली भांडणं असतात. देणारं घराणंच अशी अट घालू शकतं, आणि देताना ती लेखी करून घ्यावी. सगळ्या कागदांची यादी करून पोच घ्यावी, आपल्यासाठी प्रती मागाव्यात. यादीशिवाय, तोंडी, कुणाच्याही पिशवीत कागद देऊ नये, मग समोर कितीही मोठा माणूस असो. माझ्या ओळखीच्या एका घरातून असाच एक रुमाल "वाचून आणतो" म्हणून गेला तो परत आला नाही.

"सरकार जप्त करेल" अशी भीतीही कुणी त्या मजकुराला जोडली आहे. पंचाहत्तर वर्षांवरची ऐतिहासिक हस्तलिखितं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतात आणि ती परदेशी पाठवणं गुन्हा आहे. ती घरात असणं हा गुन्हा नाही. तेव्हा बाहेरून ऑनलाइन चांगला भाव सांगणाऱ्यांपासून मात्र सावध राहा.

द्यायचं नसेल तर घरीच ठेवा, तो तुमचा हक्क. जमिनीपासून उंच, धुतलेल्या बिनरंगी सुती कापडात, आहे त्याच क्रमानं. रबर, टाचणी, सेलोटेप काही नको. पुरात भिजलेला गठ्ठा सोलू नका, उन्हात टाकू नका. सावलीत, पंख्याखाली, टीपकागदावर ठेवा. तेवढं जमत नसेल तर प्लास्टिक पिशवीत घालून दोन दिवसांच्या आत फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे बुरशी धरायच्या आत जाणत्या माणसापर्यंत पोचवायला वेळ मिळतो.

त्या ताईंनी काल पुन्हा फोन केला. त्यांच्या दिरांनी तीन कागद आधीच लॅमिनेट करून आणलेत, आता काय करू? मी सांगितलं, प्लास्टिक उचकटू नका, कापू नका, उन्हात लावू नका. सपाट ठेवा. आणि आज रात्रीच दिरांना विचारून वेगळ्या कागदावर लिहून काढा, ते तीन कागद कुठल्या रुमालात, कशाच्या वर आणि कशाच्या खाली होते.