आज्ञा नाही म्हणजे मनाई का?

वाद सुरू झाला ड्रमसेटवरून. रविवारच्या उपासनेत तो ठेवायचा की नाही यावर आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुरबुर चालली होती, ती संध्याकाळी कट्ट्यावर आली. आमच्यातला एक गिटार वाजवतो, त्याला आम्ही गिटारच म्हणतो. दुसरा वकील. तिसरे मास्तर, वयाने मोठे, म्हणून त्यांना अहो-जाहो. चौथा मी.

"ड्रम वाजवू नका असं बायबलमध्ये कुठंय, दाखव," गिटारने तोंड उघडलं.

"वाजवा असं कुठंय ते तू दाखव," वकील म्हणाला. "उपासना ज्याची, पद्धत त्याची. देवाने आज्ञा केली तेच उपासनेत करायचं, हा नियम. लेवीय १० वाच. अहरोन याजकाचे मुलगे नादाब आणि अबीहू मेले कशाने? मनाई केलेला अग्नी नेला असं तिथं लिहिलेलं नाही. आज्ञा न केलेला अग्नी नेला, असं आहे."

"मग स्तोत्र १५० काय फाडून टाकू? झांजा आहेत त्यात, त्याही दणदणीत!"

मला वाटलं, वकील अडकला. पण तो तयारीनेच आला होता. २ इतिहास २९ मध्ये हिज्कीया राजा लेव्यांना, म्हणजे मंदिराच्या सेवकांना, झांजा-वीणा घेऊन उभं करतो, ते दाविदाच्या हौसेखातर नव्हे; ती आज्ञा परमेश्वराने संदेष्ट्यांमार्फत दिली होती, असं तिथं स्पष्ट म्हटलंय. "म्हणजे वाद्यंसुद्धा आज्ञेनेच आली. मंदिरातले यज्ञ संपले, त्यांच्याबरोबर तीही संपली."

हा युक्तिवाद मला पटत नाही, पण फालतूही वाटत नाही. स्वित्झर्लंडचा धर्मसुधारक झ्विंग्ली स्वतः कितीतरी वाद्यं वाजवायचा, आणि १५२० च्या दशकात त्याच्याच झुरिकमध्ये चर्चमधला ऑर्गन बंद झाला. आपल्याला आवडतं तेच उपासनेतून काढणाऱ्या माणसाला निदान ढोंगी म्हणता येत नाही. जर्मनीतला धर्मसुधारक ल्यूथर, त्याने नेमका उलटा रस्ता धरला: शास्त्राविरुद्ध नसेल ते राहू द्या.

मास्तर इतका वेळ गप्प होते. आता म्हणाले, "वकीलसाहेब, सभास्थानात, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनागृहात, जाण्याची आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रात दाखवा."

वकील थांबला.

"नाही ना? येशू तर दर शब्बाथी जायचा. आणि योहान १० मध्ये पुनःप्रतिष्ठेच्या सणाला तो मंदिरात फिरतोय. तो सण मक्काबी या यहुदी बंडखोरांच्या काळात माणसांनी सुरू केलेला."

"तिथं होता म्हणजे मान्यता दिली असं होत नाही."

"विरोध केला असंही लिहिलेलं नाही."

गिटार खूश. पण मास्तर त्याचेही नव्हते. त्यांचा मुद्दा ‘स्पष्ट’ या शब्दावर होता. प्रभुभोजनात स्त्रियांनी भाकर घ्यावी असं एकही थेट वाक्य नाही. आपण ते अनुमानाने काढतो. प्रेस्बिटेरियन चर्चचा १६४६ चा वेस्टमिन्स्टर विश्वासनामाही शास्त्रातून अटळपणे निघणारा निष्कर्ष मान्य करतोच. आणि एकदा अनुमान आत आलं की गंमत बघा. प्रेस्बिटेरियन आणि १६८९ च्या विश्वासनाम्याचे बाप्टिस्ट, दोघांचा नियम एकच: आज्ञा असेल तेच. एक तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतो, दुसरा म्हणतो याला आज्ञा कुठंय.

"मग नियम टाकूनच द्या की," गिटार म्हणाला.

"थांब. हा नियम आला कशासाठी ते तुला माहीत नाही."

इथून पुढचं मी घरी जाऊनही घोळवत बसलो. इंग्लंडमध्ये हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता. बाप्तिस्म्याच्या वेळी क्रुसाची खूण करा, प्रभुभोजनाला गुडघे टेका, अशी चर्चची सक्ती होती आणि तिला कायद्याचं बळ होतं. १६६२ च्या कायद्याने सरकारी चर्चचं प्रार्थनापुस्तक जसंच्या तसं मानायला नकार देणाऱ्या शेकडो पाळकांच्या जागा गेल्या. चर्च आणखी सुधारू पाहणाऱ्या प्युरिटनांचं म्हणणं होतं, देवाने मागितलं नाही ते चर्च माझ्याकडून कोणत्या अधिकाराने मागतं? उपासनेला माणूस पाहुण्यासारखा येत नाही. तिथं जे होईल त्यात त्याला भाग घ्यावाच लागतो. हा नियम त्याच्या विवेकाला कुंपण होता.

"बरोबर, हेच मी म्हणतोय!" वकील.

"आणि त्याच प्युरिटनांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली काय केलं?" मास्तर म्हणाले. " नाताळ पाळला तर पाच शिलिंग दंड. शास्त्रात सण नाही म्हणून. १६८१ पर्यंत होता तो कायदा."

वकील म्हणाला, तो दोष माणसांचा, नियमाचा नाही. असेल. पण सक्तीपासून वाचवणारा नियमच सक्तीचं हत्यार झाला, हे त्यालाही झटकून टाकता आलं नाही.

मग मास्तर गिटारकडे वळले. "आता तू सांग. ज्या आजीला ड्रमच्या आवाजात प्रार्थना करता येत नाही, तिने जायचं कुठं? तिच्यासाठी तूच चर्चची सक्ती."

गिटारला याचं उत्तर सुचेना. बऱ्याच वेळाने म्हणाला, "पहिली दोन गाणी बिनड्रमची ठेवली तर?"

"ठेव," वकील म्हणाला, "पण ती गाणी स्तोत्रसंहितेतलीच हवीत."

"झालं! आता गाण्यांवरून सुरू."