‘अडकतेच’ या एका शब्दाबद्दल

सप्रेम नमस्कार.

‘क्ले आणि कबुतरासाठी सेमी-ऑटो कशी निवडावी’ या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतरांसाठी ती थोडक्यात सांगतो. (क्ले म्हणजे नेमबाजीसाठी हवेत फेकायच्या ठिसूळ चकत्या. सेमी-ऑटो म्हणजे बार उडाला की पुंगळी फेकून पुढचं काडतूस आपणच भरून घेणारी एकनळी बंदूक.) तुमचा भाचा इंग्लंडात राहतो, त्याला बंदूक घ्यायची आहे, त्याने माझा लेख तुम्हाला दाखवला. त्यावर तुम्ही लिहिलेत: ‘अरे बाबा, सेमी-ऑटो अडकतेच. खाऱ्या हवेत तर हमखास. दुनळी हेच खरं हत्यार. तू कॅटलॉग वाचून लिहितोस हे दिसतंच आहे.’ मग घाईघाईत आणखी चार मुद्दे: तिसरा बार कुचकामी, रिकाम्या काडतुसांच्या पुंगळ्या शेजाऱ्याच्या अंगावर उडतात, जुनी विकताना किंमत येत नाही, आणि २८ इंची नळी आखूड.

आधी ‘अरे बाबा’. तुमची-माझी ओळख नाही. तुम्ही देवगडचे, मी गुहागरचा. आपल्या कोकणात वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसालाही आधी ‘खंयचे तुम्ही?’ असं विचारतात, एकदम अरे-तुरेवर येत नाहीत. मतभेद असू द्या, पण चार ओळींत तीनदा ‘तू’ आणि एकदा ‘कळत नसेल तर लिहू नये’ हे मला लागलं, आणि लागलं हे लपवत नाही.

आता ‘कॅटलॉग’. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर एका क्ले-मैदानाच्या बंदूकखोलीत मी ११ हंगाम काम केलं. आठवड्याला चाळीस-पन्नास बंदुका टेबलावर उघडून पुसल्या. तिथलीही हवा खारी, तिथलीही नळी रात्रीत तांबूस होते. तेव्हा कॅटलॉगची गोष्ट माझ्यापुढे नको.

आणि इथल्या वाचकांचा गैरसमज नको म्हणून सांगतो: आपल्याकडे शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सेमी-ऑटो निर्बंधित (restricted) वर्गात येते, साध्या शेतीसंरक्षण परवान्यावर ती मिळत नाही. इथे कबुतर मारण्याबद्दल तर मी चकार शब्द लिहिलेला नाही. हरियाल, म्हणजे हिरवं कबुतर, हा आपला राज्यपक्षी आहे, त्याच्याकडे नळी वळवणाऱ्याने माझा ब्लॉग वाचूच नये. तो लेख परदेशात कायदेशीर परवाना असलेल्या आपल्या मुलांसाठी होता, आणि ते पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं.

मुद्द्यावर येतो. ‘अडकतेच’ म्हणजे नेमकं काय होतं? बार उडाल्यावर पुंगळी बाहेर पडत नाही? पुंगळी पडते पण पुढचं काडतूस वर येत नाही? की काडतूस वर येतं आणि बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता तुकडा, शेवटचे दोन-तीन मिलिमीटर पुढे जात नाही? या तीन वेगळ्या तक्रारी आहेत, तिन्हींची कारणं वेगळी आहेत. ‘अडकतेच’ म्हणून तिन्ही एका गोणीत भरल्या की औषध सापडत नाही.

पुंगळी बाहेर न येणं हा बहुतेक वेळा चेंबरचा, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या मागच्या भागाचा, दोष असतो. स्वस्त काडतुसांच्या बुडाला पितळेऐवजी पोलादाची टोपी असते. बार उडताना ती फुगते, पण पितळेसारखी पुन्हा आक्रसत नाही. चेंबरला गंजाचा बारीक खरखरीतपणा आला असेल तर ती तिथेच धरून बसते आणि ओढणारा आकडा कडेवरून घसरतो. खारी हवा इथे दोषी आहे, मान्य. पण हाच चेंबर दुनळीलाही असतो, आणि असं काडतूस दुनळीतही बोटांनी निघत नाही, पेन्सिल नाहीतर काठी घालून ढकलावं लागतं. फरक एवढाच, की दुनळीवाला त्याला ‘अडकली’ म्हणत नाही.

पुढचं काडतूस वर न येणं म्हणजे बोल्ट पूर्ण मागे गेलाच नाही. गॅसच्या बंदुकीत नळीच्या खालच्या बाजूला दोन बारीक भोकं असतात. बाराचा थोडा वायू तिथून खाली उतरतो, मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसं साठवायच्या, नळीभोवतीच्या पिस्टनला ढकलतो आणि पिस्टन बोल्टला मागे नेतो. वायू कमी पडला किंवा वाट जड झाली की बोल्ट अर्ध्यावरून परततो. कारण एकतर काडतूस हलकं, नाहीतर भोकांत काजळी, आणि सर्वांत जास्त वेळा, तेल. हो, तेल कमी म्हणून नाही, जास्त म्हणून. पिस्टनवर बोटभर तेल चोपडलं की काजळी त्यात कालवली जाते आणि त्याचा काळा चिकट लगदा होतो. पिस्टन जवळजवळ कोरडाच हवा, तेलाचा हात लावून पुसून घेतलेला. आपल्याकडे बंदुकीला खोबरेल लावायची जुनी सवय आहे. तुमच्या भाच्याने ती इंग्लंडात नेऊ नये. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं, म्हणजे तिथे बहुतेक वर्षभर यंत्रणेत मेणच भरल्यासारखं होईल.

तिसरी तक्रार, बोल्ट पुरता बंद न होणं. ही खरी खाऱ्या हवेची देणगी, आणि हिच्याकडे कोणी पाहत नाही. पुष्कळ बंदुकांत बोल्टला पुढे आणणारी स्प्रिंग दस्त्याच्या आत एका नळकांड्यात असते. दस्ता काढल्याशिवाय ती दिसत नाही, म्हणून वर्षानुवर्षं निघत नाही. बंदूक उभी ठेवली की वरचं तेल आणि ओल झिरपून तिथेच जमते. स्प्रिंग तांबते, घासत चालते, बोल्ट मरगळल्यासारखा पुढे येतो. किनाऱ्याजवळ राहणाऱ्याने हंगाम संपल्यावर दस्ता उतरवून ती बाहेर काढायची, पुसायची, पातळ तेलाचा हात देऊन परत बसवायची. अर्ध्या तासाचं काम.

रोजची सफाई तर त्याहून सोपी. मॅगझिन रिकामं, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचा. बोल्ट मागे, टोकाची टोपी सैल, पुढचं लाकूड बाहेर, नळी बाहेर, पिस्टन बाहेर. पितळी ब्रशने पिस्टनची काजळी काढायची. भोकांतून पाइप साफ करायची तार फिरवायची, ड्रिल मशीन मुळीच लावायचं नाही, भोक मोठं झालं की बोल्ट जोरात आपटू लागतो. मॅगझिनची नळी बाहेरून कोरड्या फडक्याने. अडीचशे काडतुसं, म्हणजे २५च्या दहा पेट्या, झाल्या की हे करावं. आणि मेंढीच्या लोकरीच्या अस्तराच्या पिशवीत बंदूक ठेवून कपाट बंद करू नये, ती लोकर ओल धरून ठेवते. हे सगळं करून ‘अडकतेच’ म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. न करता म्हणणारे खूप भेटले.

एक चूक कबूल करतो. ‘२४ ग्रॅमचं काडतूस सगळ्या सेमी-ऑटोंत चालतं’ असं मी लिहिलं होतं (ग्रॅम म्हणजे आतल्या छर्ऱ्यांचं वजन), ते सरसकट झालं. नव्या, अजून मोकळ्या न झालेल्या बंदुकीत ते अर्धवट चालतं. आधी ३२ ग्रॅमच्या तीन-चार पेट्या काढाव्यात, मग २८, मग २४. इनर्शियाच्या बंदुकीत, म्हणजे बेनेली कंपनीच्या, बाराच्या धक्क्यावर चालणाऱ्या पद्धतीत, वायू यंत्रणेत येतच नाही, ती स्वच्छ राहते. पण तिला खांदा घट्ट टेकलेला लागतो, आणि आडोशात वाकडं बसून मारताना हलकं काडतूस तिथेही दगा देतं. लेखात दुरुस्ती केली आहे. तुम्ही मात्र या चुकीकडे पाहिलंच नाही, तुम्हाला फक्त दुनळी दिसली.

दुनळीला मी नावं ठेवलेली नाहीत. दोन नळ्यांना दोन चोक (छर्ऱ्यांचा फैलाव ठरवणारी नळीच्या तोंडाची अरुंदी) मिळतात, मधून दुमडून उघडून हातावर घेतली की रिकामी आहे हे लांबून दिसतं. सेमी-ऑटोवाल्याने त्यासाठी चेंबरमध्ये रंगीत झेंडी लावावी. पण गॅसची बंदूक धक्का पसरवून देते, दिवसाला दीडशे बार काढणाऱ्याच्या खांद्याला हे कळतं. आणि दस्त्याच्या मुळाशी पातळ चकत्या घालून उतार बदलता येतो. साध्या दुनळीत त्यासाठी लाकूड वाकवून घ्यावं लागतं.

उरलेले चार मुद्दे एकेका ओळीत. तिसरा बार: क्लेला लागतच नाही, मी लागतो म्हटलं नव्हतं, आणि इंग्लंडात साध्या शॉटगन परवान्यावर मॅगझिनमध्ये दोनच मावणारी बंदूक चालते, ते भाच्याला माहीत असेल. पुंगळ्या: त्या उडू न देणारी, बंदुकीच्या बाजूला लावायची पकड मिळते. किंमत: बंदूक विकायला घेत असाल तर दुनळीच घ्या. २८ इंच: सेमी-ऑटोच्या नळीमागे यंत्रणेची लांब पेटी असते, एकूण लांबी ३० इंची दुनळीच्या बरोबरीला येते. टेप लावून मोजा, मग आखूड म्हणा.

भाच्याला दुकानात पाठवाल तेव्हा एक करायला सांगा. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट हाताने मागे ओढावा आणि तळहाताने अडवत सावकाश पुढे सोडावा. मध्येच खरखर लागली किंवा शेवटी रेंगाळला, तर ती जुनी बंदूक कितीही स्वस्त असो, आधी दस्ता उतरवून स्प्रिंग दाखवायला लावावी.