सेलीनाबरोबर तेहानो संपलं म्हणे!

31 जुलै 2025 ला टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोचे तेहानो ॲकॉर्डियनवादक फ्लाको हिमेनेझ गेले, वयाच्या 86 व्या वर्षी. तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर एकच मजकूर तीनदा येऊन पडलाय. पाठवणारा माझा मावसभाऊ, ह्यूस्टनला असतो. मजकूर असा:

'तेहानो म्हणजे मेक्सिकोतून आलेल्यांनी टेक्ससमध्ये आणलेलं संगीत. जर्मनांच्या पोल्काला स्पॅनिश शब्द जोडले, झालं तेहानो! सेलीनाने ते घडवलं, 1995 मध्ये ती गेली आणि तेहानोही गेलं. आता उरलीत ती बापजाद्यांच्या नावावर जगणारी घराणी.' खाली दोन रडके चेहरे.

यातलं शेवटून दुसरं, सेलीना या गायिकेबद्दलचं वाक्य खुद्द टेक्ससमध्येही लोक सर्रास बोलतात, त्यामुळे एकट्या दादाला झोडपण्यात अर्थ नाही. पण मी हौस म्हणून पेटी वाजवतो. भात्याच्या वाद्याबद्दल कुणी असं काही लिहिलं की मला गप्प बसवत नाही.

आधी ते 'मेक्सिकोतून आणलं'. टेक्सस 1836 पर्यंत मेक्सिकोतच होतं. मग नऊ वर्षं स्वतंत्र, 1845 ला अमेरिकेत. सॅन अँटोनियोतल्या कितीतरी घरांनी उंबरठा न ओलांडता देश बदलला. सीमाभागातल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. 'तेहानो' या शब्दाचा अर्थच मुळी 'टेक्ससचा'. गायिका लिडिया मेंदोसा 1916 ची, जन्म ह्यूस्टनचा, म्हणजे दादा राहतो त्याच गावचा. सेलीना किंतानिया 1971 ची, तीही तिथूनच जवळच्या लेक जॅक्सनची. आता नार्सिसो मार्तिनेझ, ज्यांना कोन्हुंतोचे, म्हणजे ॲकॉर्डियनभोवती उभ्या राहिलेल्या तेहानो शैलीचे, जनक म्हणतात, ते रिओ ग्रांदे नदीपलीकडच्या, मेक्सिकोतल्या रेनोसात जन्मले हे खरं, पण तान्हेपणीच टेक्ससला आले. येताना ॲकॉर्डियन घेऊन आले नसावेत.

'जर्मनांच्या पोल्काला स्पॅनिश शब्द', म्हणजे नुसती नक्कल, हे मात्र मला जास्त झोंबलं. पोल्का मुळात जर्मन नव्हेच, तो बोहेमियातला, आजच्या चेक प्रजासत्ताकातला नाच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जर्मन आणि चेक शेतकरी टेक्ससमध्ये येत गेले. न्यू ब्राउनफेल्स हे त्यांचं गाव 1845 मध्ये वसलं. त्यांच्याबरोबर पोल्का, वॉल्ट्झ, शॉटिश हे नाच आले आणि बटणांचं ॲकॉर्डियन आलं. हे तेहानो वादकही नाकारत नाहीत. फ्लाकोंचे आजोबा पात्रिसिओ हेसुद्धा ॲकॉर्डियन वाजवत. घेतलं ते उघड घेतलं, पुढे त्याचं काय केलं ते बघायचं.

हे ॲकॉर्डियन आपल्या पेटीसारखं वागत नाही. पेटीची पट्टी दाबली की भाता कसाही हलवा, सूर तोच. इथे तेच बटण भाता दाबताना एक सूर देतं आणि ओढताना दुसरा. बोटांबरोबर भात्याचाही हिशेब सतत डोक्यात ठेवावा लागतो. उजव्या हाताला चाल, डाव्या हाताला खर्जाची मोजकी बटणं. जर्मन-चेक वादक दोन्ही हात चालवायचे. मार्तिनेझनी डावा हात जवळजवळ सोडूनच दिला. खर्ज आणि ठेका त्यांनी सांतियागो आल्मेइदा या जोडीदाराच्या बाहो सेस्तोवर सोपवला. बाहो सेस्तो हे गिटारच्या जातीचं, पण जाड तारांचं आणि खालच्या सुरात बोलणारं वाद्य. बारा तारा, दोन-दोनच्या सहा जोड्या. डाव्या हाताचं ओझं उतरल्यावर उजवा हात असा मोकळा सुटला की एकेक सूर टोचून उभा राहावा. 1936 मध्ये सॅन अँटोनियोत या जोडीचं ध्वनिमुद्रण झालं आणि त्या तबकड्यांनी पुढच्यांना वाट घालून दिली. आजही कितीतरी कोन्हुंतो वादक डाव्या बटणांना हात लावत नाहीत. काही जण तर त्या बाजूचे सूर, म्हणजे आतल्या धातूच्या पट्ट्या, चक्क काढून टाकतात, भात्यातली हवा तेवढीच वाचते.

नक्कल करणारा माणूस वाद्याची अर्धी बाजू रिकामी करून बसत नाही.

आणि तिथेच थांबले नाहीत ते. फ्लाकोंचे वडील, थोरले सांतियागो हिमेनेझ, यांनी तोलोलोचे म्हणजे उभा बास त्यात आणला. व्हालेरिओ लोंगोरियांनी बोलेरो, म्हणजे संथ प्रेमगीतं, गायला घेतले, ड्रम आणले. टोनी दे ला रोसांनी पोल्काची लय खाली ओढली. त्या संथ लयीवर जोडपी पाय घासत, गोल गोल पुढे सरकायला लागली. त्या नाचाला नाव पडलं तकुआचितो, म्हणजे छोटा ओपॉसम, तो प्राणी असाच रेंगाळत चालतो म्हणून. बोहेमियात हे कुणी ओळखलंही नसतं. आपली पेटीही युरोपातूनच, मूळ फ्रान्सहून आली. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत तिला दारात उभं केलं नाही. तरी संगीत नाटकाला फ्रेंच संगीत म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

आता 'सेलीनाने घडवलं'. सेलीना मोठीच. फेब्रुवारी 1995 मध्ये ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये साठ हजारांवर लोक तिला ऐकायला आले होते. ते लोक एका रात्रीत तयार झाले का? लिडियाचं कुटुंब 1928 मध्येच सॅन अँटोनियोला जाऊन तबकड्या करून आलं होतं. आई गिटारवर, वडील खंजिरीवर, छोटी लिडिया मँडोलिनवर. पुढे 1934 मध्ये जे एकल गाणं तिला घरोघरी घेऊन गेलं, त्याचे शब्द तिला लहानपणी च्युइंगमच्या वेष्टनावर मिळाले होते. वेष्टनं जमवायचा नाद होता तिला. त्यानंतर 1946 मध्ये ॲलिस नावाच्या छोट्या गावात 'आयडियल' ही तेहानोंची स्वतःची रेकॉर्ड कंपनी निघाली. तिच्या मालकांपैकी एक, आर्मांदो मारोकिन, यांची बायको कार्मेन आणि मेहुणी लॉरा या तिच्या पहिल्या कलावंत. घरचीच मंडळी. बेतो व्हियांचा सॅक्सोफोनवाला मोठा वाद्यवृंद, लिटल जोचं ला फामिलिया, किंग्सव्हिलची गायिका लॉरा कनालेस, ही सगळी सेलीनाच्या आधीची.

सेलीनाच्याच घरात बघा ना. वडील आब्राहम तरुणपणी 'लॉस दिनोस' नावाच्या गटात गायचे. ते सुटलं, पण मनातून गेलं नाही. लेक जॅक्सनला कुटुंबाने मेक्सिकन जेवणाचं हॉटेल काढलं आणि पोरांना तिथेच गायला उभं केलं. भाऊ ए. बी. बासवर, बहीण सुझेट ड्रमवर. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तेलाच्या धंद्याला मंदी आली, हॉटेल बुडालं, आणि हा पोरांचा बँड पोटापाण्याचं साधन झाला. नाव बापाच्या जुन्या गटाचंच: सेलीना इ लॉस दिनोस. मुलगी घरी इंग्रजी बोलणारी. स्पॅनिश गाणी तिने आधी नुसत्या उच्चारावरून पाठ केली, भाषा मागाहून शिकली. तिने तेहानो घडवलं म्हणण्यापेक्षा ते तिच्या हातात आयतं ठेवलं गेलं होतं, आणि तिने ते कुठल्या कुठे नेलं.

'1995 मध्ये संपलं' यात खरा भाग आहे, तो मान्य करतो. मोठ्या कंपन्यांनी हात आखडते घेतले. अनेक तेहानो रेडिओ केंद्रं मेक्सिकन प्रादेशिक गाण्यांकडे वळली. ग्रॅमीतला तेहानोचा स्वतंत्र विभागही 2011 नंतर दुसऱ्यात विलीन झाला. दुकान लहान झालं, वाद नाही. पण दुकानावरून स्वयंपाकघराचा अंदाज बांधायचा? मॅक्स बाका यांच्या लॉस टेक्समेनिएक्स या गटाला ग्रॅमी मिळाली 2010 मध्ये. सॅन अँटोनियोच्या ईव्हा इबारा, पुरुषांनी व्यापलेल्या या वाद्यावर लहानपणापासून हात बसलेल्या, यांना 2017 मध्ये राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला. तरुण ॲकॉर्डियनवादकांची 'बिग स्क्वीझ' ही स्पर्धा तर सुरूच 2007 मध्ये झाली. रिओ ग्रांदेच्या खोऱ्यातल्या काही शाळांत मुलं बँडसारखं कोन्हुंतो शिकतात. मेलेल्या संगीताची स्पर्धा कोण भरवतं?

राहता राहिली 'नावावर जगणारी घराणी'. नाव होतं, पण त्या नावावर खायला काय होतं? मार्तिनेझ तबकड्या निघाल्यावरही शेतात राबले, पुढे ट्रक चालवला, ब्राउन्सव्हिलच्या प्राणिसंग्रहालयात नोकरी केली. थोरले सांतियागो शिपाईकाम करत. असल्या गादीवर बसायला रांग लागत नाही.

सांतियागोंच्या दोन मुलांकडे बघितलं तर 'वारसा' हा शब्दही सरळ राहत नाही. थोरला लिओनार्दो. त्याने बापाचं टोपणनावही घेतलं, फ्लाको, म्हणजे काटकुळा. तो निघाला जगभर, मोठ्या रॉक मंडळींबरोबर वाजवत: डग साम, राय कूडर, 1994 मध्ये रोलिंग स्टोन्ससुद्धा. धाकटा सांतियागो, बापाचं खरं नाव घेतलेला, तो बापाच्याच वाटेने राहिला. दोन रांगांचं साधं ॲकॉर्डियन, जुन्या चाली, गर्दी कमी. थोरल्याला ग्रॅमी मिळाल्या. धाकट्याच्या गळ्यात 2016 मध्ये ओबामांनी राष्ट्रीय कला पदक घातलं. एका बापाची पोरं, पण एकाची लय दुसऱ्याला लावून बघा, जमणार नाही. मला विचाराल तर मी धाकट्याकडचा. दादा अर्थातच फ्लाकोवाला.

आणि वारसा म्हणजे फक्त वाजवणारे असंही नाही. सॅन अँटोनियोचे मासियास: मार्तिन, त्यांचा मुलगा आल्बेर्तो, मग नातू जॉर्ज. तीन पिढ्या बाहो सेस्तो घडवणाऱ्या. वादकांच्या बोलण्यात 'मासियास' हे वाद्याचंच नाव असल्यासारखं येतं, आपल्याकडे सतारीला मिरज चिकटतं तसं. तर लोंगोरिया 1980 च्या दशकात ग्वादालूपे सांस्कृतिक केंद्रात शिकवायला बसले आणि परक्यांच्या पोरांना बटणं ओळखायला लावली. त्या पोरांच्या बापजाद्यांचं नाव कुठल्याच तबकडीवर नव्हतं.

त्याच केंद्राचा तेहानो कोन्हुंतो महोत्सव 1982 पासून भरतोय. मी दादाला उत्तरादाखल एवढंच पाठवलंय: मे महिना, सॅन अँटोनियो, रोझडेल पार्क. ह्यूस्टनहून गाडीने तीन तास. अंगठा आलाय, निघतो का ते बघू.