ड्युटीवरून आल्या आल्या गोलात बसवू नका, असं मी का म्हटलं

सर, तुमची कमेंट मोठी आहे आणि चांगलीच तिखट आहे, म्हणून खाली दोन ओळी टाकून मोकळी होण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहितेय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की मोठी आग, मोठा अपघात असं काही झालं की तिथे गेलेल्या फायर ब्रिगेडच्या किंवा बचावकार्याच्या टीमला त्याच दिवशी सक्तीने गोलात बसवून "तू काय पाहिलंस, तुला काय वाटलं" असं करू नये. त्यावर सरांचं म्हणणं की हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे, बोललं की मन मोकळं होतं हे शेंबड्या पोरालाही कळतं, आणि असले लेख वाचून वरिष्ठांना हात झटकायला आयतं निमित्त मिळतं. शेवटी एक टोला, की या नोकरीत येणाऱ्याला काय बघावं लागणार ते आधीच माहीत असतं, आम्ही अख्खी सर्व्हिस काढली, आमची विचारपूस करायला कोणी आलं नव्हतं.

आता एकीकडे सगळ्यांना बोलायला बसवा आणि दुसरीकडे आम्हाला कोणाची गरज पडली नाही, हे दोन्ही एकाच कमेंटमध्ये कसं बसतं ते मला कळलं नाही, पण असो.

सक्तीचं आधी घेते. ही पद्धत, तिला डीब्रीफिंग म्हणतात, काही कोणा खुर्चीत बसलेल्या माणसाने काढलेली नाही. जेफ्री मिचेल म्हणून अमेरिकन माणूस, स्वतः फायर सर्व्हिसमध्ये काम केलेला, त्याने १९८३ मध्ये ती मांडली, आणि हेतू अगदी तुमच्यासारखाच होता, की आपल्या लोकांना वाऱ्यावर सोडू नये. ती जगभर पसरली, कारण करायला सोपी, एका बैठकीत होते आणि वरिष्ठांना "आम्ही केलं" असं लिहिता येतं. पण नंतर जेव्हा लोकांनी नीट तुलना करून बघितली तेव्हा चित्र वेगळं निघालं. १९९७ चा एक अभ्यास आहे, भाजलेल्या पेशंटवरचा, त्यात १३ महिन्यांनी बघितलं तर ज्यांना असं बोलतं केलं होतं त्यांच्यात २६ टक्के लोकांना पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर टिकून राहणारा मानसिक आजार, होता आणि ज्यांना काहीच केलं नव्हतं त्यांच्यात ९ टक्के. तुम्ही लगेच म्हणाल की ते पेशंट होते, आमचे जवान नव्हते, आणि डीब्रीफिंग झालेला गट मुळातच जरा जास्त भाजलेला होता. दोन्ही मुद्दे खरे आहेत आणि या पद्धतीची बाजू घेणारे तेच सांगतात. म्हणून मी त्या एका आकड्यावर बसणार नाही. पण कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या २००२ च्या रिव्ह्यूने असे बरेच अभ्यास एकत्र पाहिले आणि एका बैठकीच्या डीब्रीफिंगने पीटीएसडी टळतो असं काही दिसलं नाही, उलट सक्तीने करणं बंद करा असंच त्यांनी लिहिलं, आणि ब्रिटनमध्ये उपचारांबद्दल शिफारसी करणाऱ्या नाइस या संस्थेच्या २०१८ च्या गाइडलाइनमध्येही हे देऊ नका असं सरळ आहे.

का होत असेल असं? मला पटणारं कारण सांगते. एका गाडीवर चौघं असतात पण चौघांनी एकच गोष्ट पाहिलेली नसते. ड्रायव्हर बाहेर पंपाजवळ उभा, त्याने धूर पाहिला आणि स्ट्रेचर झाकलेलं पाहिलं, बस. आतमध्ये जो गेला त्याने मागच्या खोलीतलं पाहिलं. आता दोन तासांनी दोघांना शेजारी बसवलं आणि आतल्याने सगळं बारीकसारीक सांगितलं, की जे ड्रायव्हरने कधी पाहिलंच नाही तेही तो घरी घेऊन जाणार. शिवाय तेव्हा छाती अजून धडधडत असते, झोप नाही, अंगाला तोच वास, अशा वेळी समोर वरिष्ठ बसलेला असताना "वाटलं काय" याचं खरं उत्तर कोण देतं? मान खाली घालून "ठीक आहे सर" म्हणतात आणि संपलं.

याचा अर्थ बोलू नका असा नाही हो, हे मी तेव्हाही लिहिलं होतं. ज्याला बोलायचंय त्याने त्याच रात्री बोलावं, ज्याच्याशी बोलायचंय त्याच्याशी. फक्त नंबर लावून वदवून घेऊ नका.

मग वरिष्ठाने करायचं काय, हा तुमचा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि हात झटकण्याबद्दलची तुमची भीतीही रास्त आहे. पहिल्या दिवशी कामं साधी असतात. टीमला पुढच्या कॉलवरून काढा, अंघोळ, कोरडे कपडे, घरी फोन, आणि घरी एकट्याने गाडी चालवत पाठवू नका. खरं काम त्यानंतर सुरू होतं आणि तिथेच सगळे गायब होतात. ब्रिटनच्या रॉयल मरीन्समध्ये ट्रिम नावाची पद्धत सुरू झाली, त्यात डॉक्टर नाही तर सोबतचाच ट्रेनिंग घेतलेला सहकारी साधारण तीन दिवसांनी भेटतो, ठरलेल्या मुद्द्यांवर बोलतो, आणि महिन्याने परत भेटतो. त्या महिन्याला अर्थ आहे. पहिल्या काही आठवड्यात स्वप्नं पडणं, दचकणं, चिडचिड होणं हे बऱ्याच जणांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं, पीटीएसडी हे निदानच मुळी महिनाभर त्रास टिकल्याशिवाय करत नाहीत. म्हणजे ज्या दिवशी आपण गोल करून बसवतो त्या दिवशी कोण अडकणार हे कोणालाच कळत नसतं, आणि जेव्हा कळू शकतं तेव्हा कोणी विचारत नाही.

आणि त्या गोलात कंट्रोल रूमवाली मुलगी कधी असते का? फोनवर एक लहान पोर सांगतंय की आई उठत नाही, ही त्याला दार उघडायला लावते, छाती कशी दाबायची ते सांगते, मागे बूट वाजतात, टीम पोचली, फोन कट. पुढे काय झालं हे तिला कोणीच सांगत नाही आणि पुढचा कॉल वाजलेला असतो. डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, २०१३ पासून, नोकरीचा भाग म्हणून असे तपशील वारंवार कानावर पडणं हेही ट्रॉमात धरलं जातं. निदान "तो कॉल असा संपला" एवढं तिला कळवायची सोय करा, त्याला पैसे लागत नाहीत.

आता गंमत बघा, बोलल्याने बरं वाटतं हे तुमचं म्हणणं उपचारांच्या बाबतीत बरंचसं बरोबर आहे. ज्याचा त्रास महिन्यानंतरही हटत नाही त्याच्यासाठी प्रोलाँग्ड एक्सपोजर नावाची थेरपी असते, त्यात तोच प्रसंग पुन्हा पुन्हा, बारीकसारीक सांगायचाच असतो, पण साधारण ८ ते १५ सेशन, एकच थेरपिस्ट, त्या माणसाची तयारी बघून, आणि मधल्या काळात ज्या रस्त्यावरून जाणं तो टाळतोय त्या रस्त्यावर हळूहळू परत जायचं. ईएमडीआर नावाची, प्रसंग आठवताना डोळे डावीउजवीकडे हलवायला लावणारी थेरपी आहे, तिलाही चांगला पुरावा आहे. दारू आणि झोपेच्या गोळ्यांनी मात्र हे सुटत नाही, रात्र निघते एवढंच.

"माहीत असतं" या टोल्याबद्दल. माहीत असल्याने त्रास टळत नाही सर. जगभरातले अभ्यास एकत्र केले तर बचावकार्य करणाऱ्यांत साधारण दहातल्या एकाला पीटीएसडी दिसतो, म्हणजे नऊ जण तुमच्यासारखे निभावून नेतात, त्यांना आजारी ठरवायची मला अजिबात हौस नाही. पण त्या दहाव्याचं काय? अमेरिकेत २०१७ मध्ये आत्महत्येने गेलेल्या फायर फायटर्सची संख्या किमान १०३ होती आणि ड्युटीवर गेलेल्यांची ९३. त्यांनाही नोकरी कशी आहे ते माहीत होतं.

तुम्ही तुमच्या एका सहकाऱ्याचं लिहिलंय, की चांगला माणूस, एका घटनेनंतर चौकशी लागली आणि तो अचानक राजीनामा देऊन गेला, "मनाने कच्चा निघाला". मला त्या वाक्यात घटनेपेक्षा चौकशीच जास्त दिसली. ऐकण्यात येतं ते बरंचसं असंच असतं, मृतदेह सहन झाला पण नंतर आपल्याच लोकांनी "तू दोन मिनिटं आधी का नाही पोचलास" विचारलं ते सहन झालं नाही. त्याला मदत मागायची असती तर कोणाकडे मागितली असती? समुपदेशकाकडे गेलेलं साहेबांना कळणार, कळलं की गाडीवरून काढून टेबलावर बसवणार, प्रमोशन अडकणार. जोवर ती भेट सर्व्हिस फाइलच्या बाहेर राहील याची लेखी हमी नाही, तोवर भिंतीवर कितीही हेल्पलाइनचे पोस्टर लावा, नंबर कोणी उतरवून घेणार नाही.

सक्तीचा मुद्दा अजूनही पटला नसेल तर खाली लिहा, वाद घालायला मी आहेच. आणि त्या सहकाऱ्याचा नंबर अजून तुमच्याकडे असेल तर एक फोन करा, त्या घटनेबद्दल काही विचारू नका, नुसता करा.