सोमवारची गचांडी

रविवारी संध्याकाळी चहाचा कप हातात घ्यावा, तर फोनवरच्या मीममध्ये इटलीचा बचावपटू जॉर्जो किएलिनी हजर. पुढे पांढऱ्या जर्सीतला इंग्लंडचा फुटबॉलपटू बुकायो साका, मागून किएलिनीनं त्याची कॉलर अशी खेचलीय की जर्सी गळ्यात रुतलीय. किएलिनीवर लिहिलेलं ‘सोमवार’, साकावर ‘मी’. महिनाअखेरीस हेच चित्र ‘हप्ता’ आणि ‘पगार’ होऊन येतं.

येऊ दे हो, पण निदान नीट तरी करा! दोन नावं पुरतात; पंचालाही नाव द्यायला गेलात की विनोद मेलाच म्हणून समजा. पांढरी अक्षरं साकाच्या जर्सीत गडप होतात, त्यांना काळी कड हवी. आणि ज्या ॲपला देवनागरी झेपत नाही, तिथे ‘रविवार’ लिहूच नका. पहिल्या ‘व’ची वेलांटी सरळ दुसऱ्या ‘व’च्या डोक्यावर जाऊन बसते. त्यात स्क्रीनशॉटचा स्क्रीनशॉट काढत चित्र फिरलं की किएलिनी कोण आणि कॉलर कोणती, तेही कळेनासं होतं.

‘सोमवार’ हे नाव मात्र चपखल आहे, हे मान्य करायलाच हवं. ११ जुलै २०२१ची वेम्बलीवरची इटली-इंग्लंड युरो फायनल, नव्वद मिनिटांनंतरचा भरपाईचा वेळ, १-१. आपल्याकडे तेव्हा सोमवार लागून दोन तास उलटले होते. किएलिनी चेंडू रेषेबाहेर जाऊ द्यायच्या बेतात. चेंडू उसळला, १९ वर्षांचा साका वळसा घालून निसटला. ३६ वर्षांच्या पायांनी त्याला गाठणं शक्य नव्हतं. पण हात होता ना!

‘लाल कार्ड का नाही?’ हा प्रश्न दर वेळी कुणीतरी टाकतोच. अहो, गोल बराच लांब होता आणि साका बाजूच्या रेषेजवळ. हातातोंडाशी आलेला गोल हिरावला तर लाल. रंगात येऊ पाहणारी चढाई मोडली तर पिवळं. एवढा हिशेब त्या अर्ध्या सेकंदात करणाऱ्या माणसानं तुरीन विद्यापीठातून व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घेतलीय, यात मला तरी नवल वाटत नाही.

पुढे पेनल्टी शूटआउटमध्ये साका शेवटची किक घ्यायला आला, तेव्हा किएलिनी महाशय ‘किरिकोचो’ असं ओरडले. लॅटिन अमेरिकन फुटबॉलमधला हा पनवतीचा मंत्र. नंतर त्यांनी तसं कबूलही केलं. इटलीचा गोलरक्षक दोन्नारुम्मानं किक अडवली, इटली ३-२नं जिंकली. युव्हेंटस या इटालियन क्लबसोबत सलग ९ लीग विजेतेपदं मिळवलेल्या माणसाला शेवटी लिंबू-मिरचीचाही आधार लागतो म्हणायचा.

त्या ९ विजेतेपदांचं चित्र मात्र कुणी पाठवत नाही. फार तर २०१४च्या विश्वचषकातलं येतं. उरुग्वेचा सुआरेझ चावल्यावर किएलिनी जर्सी खाली ओढून पंचांना खांद्यावरचे वळ दाखवतोय. तिथेही खेचलेली जर्सीच, फक्त स्वतःची.